पूल केजची जाळी निवडताना आधी सांगाडा बघा

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडात सारासोटाजवळ सिएस्टा की इथे किनाऱ्यावर आलं. आम्ही टॅम्पाच्या उत्तरेला राहतो. रात्रभर घरामागून कुणी कण्हत असल्यासारखा धातूचा आवाज येत होता. उजाडल्यावर मागचं सरकतं दार उघडलं, तर आमच्या पूल केजची, म्हणजे पोहण्याच्या तलावावरच्या जाळीच्या खोलीची, एकही जाळी फाटलेली नव्हती. पण कोपऱ्याचा खांब काँक्रीटमधून बोल्टसकट उपटला होता आणि छताची लांब तुळई मधोमध वाकली होती. शेजाऱ्यांची केज आमच्यापेक्षा बरीच जुनी. त्यांचे अकरा खण फाटून जाळीच्या चिंध्या लोंबत होत्या, पण सांगाडा जागच्या जागी उभा होता. त्यांनी पुढच्या दोन शनिवार-रविवारांत नव्या जाळ्या बसवल्या. आमच्याकडे नकाशा, परवाना, नवीन तुळया, नवीन पाया असं सगळं होऊन केज पुन्हा उभी राहायला पुढचा उन्हाळा उजाडला.

तेव्हापासून इकडे घर घेणारी आपली मुलं-मुली मला फोन करून विचारतात, "काकू, जाळी कोणती घालू? सगळ्यात मजबूत कोणती?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. फ्लोरिडात घरामागच्या पोहण्याच्या तलावाला किंवा ओट्याला, ज्याला इथे लनाई म्हणतात, चारी बाजूंनी आणि वरून जाळीची खोली करतात. अॅल्युमिनियमच्या पोकळ खांब-तुळयांचा सांगाडा, त्याचे चौकोनी खण, प्रत्येक खणात ताणून बसवलेली जाळी. जाळी खाचेत रबराच्या दोरीने दाबलेली असते, तिला स्प्लाइन म्हणतात. आपल्याकडे मच्छरजाळीच्या खिडकीला जे रबर दाबून बसवतात, तेच हे. डास, पानं, साप, बेडूक आणि क्वचित मगरीचं पिल्लू बाहेर राहावं म्हणून ही सोय. वारा मात्र तिच्यातून जायचा असतो, आणि जाळी निवडताना नेमकं हेच आपण विसरतो.

आमचं काय चुकलं ते आधी सांगते. २०२१ मध्ये छताची जाळी पांढुरकी पडून फाटायला लागली होती. ज्यांना काम दिलं त्यांनी सांगितलं की कुत्र्याच्या नखांनीही फाटत नाही अशी जाड पॉलिएस्टरची जाळी आहे, तीच सगळीकडे घाला, म्हणजे पुन्हा बघायला नको. आम्हाला ते पटलं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक खणात तीच घातली. सांगाडा मूळचा होता, साध्या जाळीच्या हिशेबाने उभारलेला, आणि त्याच्या बुडाच्या स्क्रूंना गंज धरलेला होता. तिकडे कुणी वाकून पाहिलं नाही, आम्हीही नाही.

मी दापोली तालुक्यातली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली, पण वासे राहिले, भिंती राहिल्या. आठवड्याभरात नवी कौलं चढली. वाडीतल्या एका घरावर लोखंडी पाइपांना घट्ट आवळून पत्रे ठोकलेले होते. तिथे एकही पत्रा सुटला नाही. पाइपांसकट अख्खं छप्पर उठून शेजारच्या पोफळीत जाऊन पडलं. भावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हळहळले, पण त्याचा माझ्या तलावाशी काही संबंध असेल हे चार वर्षांनंतर कळलं. वाऱ्याचा जोर कुठेतरी उतरावाच लागतो. जाळी सुटली तर तो निघून जातो. जाळी सुटली नाही तर तो स्प्लाइनमधून तुळईत, तुळईतून खांबात आणि खांबातून बुडाच्या चार स्क्रूंत जातो.

हा जोर किती असतो? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७५ मैलांच्या वाऱ्याचा सपाट भिंतीवर दर चौरस फुटाला साधारण १४ पौंड दाब येतो. ताशी १५० मैलांना तोच ५७ पौंडांच्या वर जातो. जाळी म्हणजे भिंत नव्हे, तिच्यातून बराच वारा निघून जातो. किती निघून जातो, हे मात्र तुमच्या निवडीवर ठरतं.

जाळीवर १८/१४ किंवा २०/२० असे आकडे असतात. एका इंचात एका दिशेने १८ धागे आणि दुसऱ्या दिशेने १४, असा त्याचा अर्थ. तिसरा आकडा धाग्याच्या जाडीचा असतो, बहुतेक वेळा इंचाचा .०१३. हा तिसरा आकडा दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, तो मागून घ्या. मग कागदावर गणित करा. १८ गुणिले .०१३ म्हणजे .२३४, म्हणजे एका दिशेने जवळजवळ पाव जागा धाग्यांनीच अडवली. १४ गुणिले .०१३ म्हणजे .१८२. उरलेली मोकळी जागा .७६६ गुणिले .८१८, म्हणजे ६३ टक्के. तेच २०/२० ला करून बघा. .७४ गुणिले .७४ म्हणजे ५५ टक्के. नमुन्याचे दोन तुकडे हातात धरले तर डोळ्यांना फरक कळतही नाही, पण वाऱ्याला अडवणारा धागा ३७ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलेला असतो. फ्लोरिडाच्या बांधकाम नियमावलीत केजवरच्या वाऱ्याच्या भाराचे तक्ते २०/२० जाळी धरून दिलेले आहेत आणि १८/१४ असेल तर त्या भाराला .८८ ने गुणायची मुभा आहे. म्हणजे बारा टक्के भार निव्वळ जाळीच्या विणीवर कमी होतो.

म्हणून पहिलं काम दुकानात जाणं नाही. तुमच्या केजचा मूळ नकाशा शोधा. परवाना घेऊन बांधलेली असेल तर काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, बांधकाम खात्याकडे तो मिळतो, बऱ्याच काउंट्यांत ऑनलाइनही दिसतो. त्यावर इंजिनिअरने कोणती जाळी धरून भार काढला आहे ते लिहिलेलं असतं. १८/१४ लिहिलं असेल तर त्याहून दाट जाळी सरसकट घालू नका. २०/२० लिहिलं असेल तर तुम्हाला दोन्ही चालतील. नकाशाच सापडला नाही किंवा केज जुन्या नियमांच्या काळातली असेल, तर १८/१४ वरच थांबा.

दुसरं काम गुडघ्यावर बसून करायचं आहे. प्रत्येक खांबाच्या बुडाशी, जिथे अॅल्युमिनियम काँक्रीटला टेकतं, तिथले स्क्रू बघा. डोक्यावर तांबूस डाग असेल किंवा खाली काँक्रीटवर गंजाचा ओघळ उतरला असेल, तर आतला दांडा डोक्यापेक्षाही जास्त खाल्लेला असतो. आमच्या उपटलेल्या खांबाखालचा एक स्क्रू मी जपून ठेवला आहे. डोकं चांगलं वाटाण्याएवढं आहे आणि मधला दांडा उदबत्तीच्या काडीएवढा उरला आहे. खारी हवा, तलावाचं क्लोरीनचं पाणी आणि दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श, या तिन्हींचा हा परिणाम. असे स्क्रू बदलून घ्या, एका वेळी एकच काढून त्या जागी स्टेनलेसचा किंवा गंजरोधक लेप असलेला घालून. कोपऱ्यांत तिरक्या जाणाऱ्या स्टेनलेसच्या केबल असतात, त्या हाताने दाबून बघा. ढिल्या पडल्या असतील तर वाऱ्यात त्या काहीच धरत नाहीत. जाळीवर खर्च करण्याआधी या दोन गोष्टींवर करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. इथे खर्च थोडा येतो आणि त्यावर सगळी केज उभी असते.

आता जाळी. नेहमीची असते ती फायबरग्लासची. काचेच्या तंतूवर प्लास्टिकचा लेप असतो. ती स्वस्त असते, सपाट बसते, कापायला सोपी आणि ताण फार झाला की फाटते. केजच्या छताला आणि वरच्या भिंतींना १८/१४ फायबरग्लास हीच माझी पहिली पसंती. ऊन खाऊन ती वरच्या बाजूला लवकर म्हातारी होते, भिंतीवर जास्त टिकते. बोट घासून पाहिल्यावर पांढरी भुकटी लागली आणि अंगठ्याने दाबल्यावर धागा कुरकुरला, तर तिचे दिवस भरले असं समजा.

पॉलिएस्टरच्या जाळ्या चिवट असतात. यातली १७/१४ विणीची, सुपर स्क्रीन नावाने मिळणारी, इथे फार चालते. तिची वीण मोकळी आहे पण ती सहज फाटत नाही. ज्यांचा सांगाडा नवा, स्क्रू धड आणि नकाशा आजच्या नियमांचा आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी, बरीच वर्षं बघावं लागणार नाही. पाळीव प्राण्यांसाठीची जाड धाग्याची जाळी वेगळी. तिचा धागा नुसत्या डोळ्यांना दोरीसारखा दिसतो आणि तिच्यातून वारा आणि उजेड दोन्ही कमी येतात. ती फक्त कमरेखालच्या आडव्या पट्टीच्या खाली घाला, जिथे कुत्रं पंजे टेकतं आणि मुलं पाठ लावून बसतात. तो खण लहान असतो, जमिनीला धरून असतो, तिथे ती शोभते. छतावर तिचं काहीच काम नाही.

पश्चिमेच्या उन्हाला कंटाळून बरेच जण ८० किंवा ९० टक्के ऊन अडवणारी जाळी घालायचं म्हणतात. दुपारी चारला टॅम्पातल्या ओट्यावर मी बसून पाहिलं आहे, त्यामुळे हा मोह मला पूर्ण समजतो. पण जी जाळी एवढं ऊन अडवते ती वाराही तितक्याच निष्ठेने अडवते. भिंतच उभी केल्यासारखं होतं. ऊन नकोच असेल तर गुंडाळता येणारा पडदा लावा आणि वादळाची बातमी आली की काढून आत ठेवा. काही लनायांना पावसासाठी काढता येण्याजोगे व्हिनाइलचे पारदर्शक पल्ले असतात, त्यांचंही तेच. वारा ताशी ७५ मैलांच्या वर जाणार असेल तर पल्ला काढा, असं त्यावर स्टिकर असणं नियमानेच बंधनकारक आहे. घर विकत घेताना तो स्टिकर खरवडलेला असेल तर नवीन लावून घ्या.

चिलटांचा प्रश्न राहतो. इथे खाडीकाठाला आणि खारफुटीजवळ नो-सी-अम नावाची चिलटं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक आणि चावली की दोन दिवस आग. ती साध्या जाळीतून आरामात आत येतात. पाण्याजवळ घर असेल तर २०/२० वाचून संध्याकाळी बाहेर बसवत नाही, हे खरं आहे. मग मधला मार्ग असा की नकाशा २०/२० ला परवानगी देतो का ते आधी बघा. देत नसेल तर अख्खी केज दाट करू नका, ओट्याचा घराला लागून असलेला पक्क्या छताखालचा भाग तेवढा वेगळा जाळीबंद करून तिथे २०/२० घाला, आणि तलावावरचं उंच छत मोकळ्या विणीचं ठेवा. आणखी एक लक्षात ठेवा. दाट जाळीत पाइनची पानं, परागकण आणि शेवाळ लवकर अडकतं आणि मग ५५ टक्क्यांची मोकळी जागा कागदावरच राहते. वर्षातून दोनदा, त्यातली एक वेळ १ जूनला वादळी हंगाम सुरू होण्याआधी, मऊ ब्रश आणि पाण्याने ती धुवायची.

स्टेनलेसच्या जाळीबद्दल थोडक्यात. खिडकीला, दाराला उत्तम. केजच्या मोठ्या खणांना नको, कारण ती फाटत नाही आणि सगळा भार सांगाड्यावर टाकते. रंग काळपट कोळशाचा घ्या. राखाडी जाळी उन्हात चकाकते आणि पलीकडचं दिसत नाही.

स्प्लाइनकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असायचा आणि सारखी तार जळते म्हणून कुणीतरी जाड तार गुंडाळायचं, मग एक दिवस भिंतीतली वायरिंगच जळायची. केजमध्ये ती तार म्हणजे जाळी आणि स्प्लाइन. खाचेला बेताने बसेल एवढीच स्प्लाइन हवी. तिचे व्यास इंचाच्या हजारांश भागांत असतात, .१४०, .१६०, .१८० असे. जुन्या स्प्लाइनचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्या, पण बराच काळ उन्हात राहून ती आकसलेली असते, म्हणून जाळीचा नमुना आणि खाचेचं मापही बरोबर ठेवा. जाळीचा धागा जाड असेल तर स्प्लाइन एक नंबर बारीक लागते. जबरदस्तीने जाड स्प्लाइन कोंबली तर खाचेची कड उमलते आणि पुढे तिथे काहीच नीट बसत नाही.

खालचे खण स्वतः बसवता येतात, मी आता बसवते. जाळी खणापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठी कापायची, वरच्या कडेला कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची. आधी वरची कड, मग एक बाजू, मग समोरची, शेवटी खालची. स्प्लाइन बसवायचा रोलर मिळतो, त्याच्या खोलगट चाकाने ती दाबत न्यायची, हाताचा दाब सारखा ठेवून. इथे एक चूक हमखास होते. कामाच्या भरात आपण स्प्लाइन ओढत ओढत बसवतो. ती ताणली जाते, त्या दिवशी छान दिसते, आणि आठवड्याभरात मूळ लांबीवर येते. मग प्रत्येक कोपऱ्यात बोटभर फट पडते आणि वारा तिथूनच जाळी उचकटतो. स्प्लाइन ओढायची नाही, सैल हाताने खाचेवर ठेवायची आणि दाबायची. जाळीही ढोलकीसारखी ताणायची नाही. तळहाताने मधोमध दाबल्यावर ती थोडी आत जाऊन परत यावी. शेवटी उरलेली कड कापताना पात्याची धार बाहेरच्या बाजूला, स्प्लाइनपासून दूर. छताचे खण मात्र स्वतः करू नका. ज्यांच्याकडे फळ्या, सुरक्षा पट्टे आणि विमा आहे त्यांनाच ते द्या. अॅल्युमिनियमच्या तुळईवर पाय ठेवायची चूक जिवावर बेतते.

काम देताना "केजची जाळी बदलणे" एवढंच लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. छताला कोणती वीण, भिंतीला कोणती, धाग्याची जाडी किती, स्प्लाइन नवीन की जुनीच, बुडाचे स्क्रू बदलणार का आणि कोणत्या धातूचे, हे सगळं लिहून घ्या. जाळीच्या गुंडाळीवरच्या लेबलचा फोटो काढा. आमच्याकडे तो नव्हता, आणि विम्याच्या माणसाने जाळी कोणती होती असं विचारलं तेव्हा आमच्याजवळ दाखवायला काही नव्हतं.

मिल्टनमध्येच सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छत फाटलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ते छतही फायबरग्लासच्या कापडाचंच होतं. कापडाच्या चिंध्या झाल्या, पण वरचे केबल आणि त्यांच्यातले दांडे जागच्या जागी राहिले. पुढे त्याच सांगाड्यावर नवं कापड चढवलं गेलं. आमच्या वाकलेल्या तुळईजवळ उभी राहून मी ती चित्रं पुन्हा पुन्हा बघत होते.

मोठं वादळ तुमच्यावरच येणार असं दोन दिवस आधी कळलं तर समोरासमोरच्या भिंतींतले काही मोठे खण मोकळे करायचे, म्हणजे वारा आरपार जाईल. पात्याने स्प्लाइनच्या कडेने कापलं की जाळी एका तुकड्यात निघते. मन होत नाही, धडधाकट जाळी कापायची म्हणजे हात आखडतो. पण एका खणाची जाळी आणि एक तुळई यांच्या खर्चाची तुलनाच नाही. हे काम वारा सुटण्याआधी, जमिनीवर उभं राहून हात पोचेल तिथेच करायचं. आतल्या खुर्च्या, कुंड्या, तलावातली खेळणी आधी घरात घ्या. कारण जाळी नुसत्या वाऱ्यापेक्षा उडून आलेल्या वस्तूने जास्त फाटते.

वादळ गेल्यावर सगळ्यात आधी खालचे खण बंद करा. फ्लोरिडात २००० सालच्या कायद्यापासून नव्या घरगुती तलावाला लहान मुलांपासून संरक्षणाची निदान एक सोय असावीच लागते, आणि बऱ्याच घरांत ती सोय म्हणजे ही केजच असते. खालची जाळी फाटली की ती राहत नाही. आजूबाजूला रांगणारं, दुडदुडणारं मूल असेल तर त्याच दिवशी चार फुटांपर्यंत काहीतरी पक्कं लावा, तात्पुरतं कुंपण भाड्याने आणा. वादळानंतर जाळीवाल्यांची महिनोन्महिने रांग असते. म्हणून मी गॅरेजमध्ये १८/१४ ची एक गुंडाळी, रोलर आणि स्प्लाइनचं वेटोळं ठेवते, आणि वेटोळ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर स्प्लाइनचा नंबर आणि प्रत्येक खालच्या खणाचं माप लिहून ठेवलं आहे.